उसनी फॅमिली

कतारमध्ये बायकोला आणायचं असेल तर आधी घर लागतं, आणि घर हवं असेल तर आधी बायको लागते. हे मला कोणी एकदम समजावून सांगितलं नाही, तुकड्यातुकड्याने कळत गेलं. व्हिसाच्या अर्जाला शिक्का मारलेला भाडेकरार जोडावा लागतो. भाडेकरार करायला गेलं की मालक विचारतो, फॅमिली कुठे आहे? इंडियात आहे म्हटलं की तो सहानुभूतीने मान हलवतो आणि दार लावून घेतो. त्याचंही चुकतं असं नाही. 'फॅमिली ओन्ली' अशी पाटी त्याने लावलेली असते आणि माझ्यासोबत फक्त मी असतो.

फॅमिली सोबत नसलेला पुरुष इथे बॅचलर. लग्न झालंय की नाही हा मुद्दा गौण. मी आधी दुखानला होतो, पश्चिम किनाऱ्यावरच्या तेलक्षेत्रात, कंपनीच्या वसाहतीत. तिथे माझ्या शेजारच्या खोलीत दोन जावई आणि एक नातू असलेले गृहस्थ राहायचे. तेही बॅचलरच. दुखानला त्याने काही बिघडत नसे. खोली कंपनीची, जेवण मेसचं, संध्याकाळी समुद्राकडे तोंड करून बसायचं आणि नाशिकला फोन लावायचा. मग माझी दोहाच्या ऑफिसात बदली झाली आणि कंपनीने कळवलं, की राहण्याचा भत्ता मिळेल, घर तुमचं तुम्ही बघा. मी तात्पुरता एका खोलीत चार जणांबरोबर राहू लागलो आणि घर बघायला लागलो.

लग्नानंतर आम्ही दोघं एकत्र राहिलो होतो ते माझ्या सुट्ट्यांमध्ये. तेही आळीपाळीने, काही दिवस माझ्या आईवडिलांकडे, काही दिवस तिच्या. आमचं म्हणावं असं घर नव्हतं. चहाचं पातेलं विकत घ्यावं तर ठेवायचं कुठे, असा प्रश्न होता. ती नाशिकच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत तात्पुरत्या नोकरीवर होती. त्या पावसाळ्यात कॉलेजने तिला कायम करायची तयारी दाखवली, पण काही वर्षं नोकरी सोडणार नाही असं लिहून द्यायचं होतं. उत्तर दसऱ्यापर्यंत.

तिने मला फोनवर सांगितलं, "दसऱ्यापर्यंत घर मिळालं तर मी येते. नाही मिळालं तर इथे सही करते. रागावून नाही म्हणत. मला आता कुठेतरी राहायचंय, एवढंच."

रागावून म्हणाली असती तर समजूत काढता आली असती.

त्यात ते वर्ष फुटबॉलच्या वर्ल्डकपचं. जगभरातून येणारे प्रेक्षक रात्री कुठेतरी झोपणार होते, आणि दोहातल्या प्रत्येक घरमालकाला खात्री होती की ते त्याच्याकडेच झोपणार. वर्षानुवर्षं राहणाऱ्या भाडेकरूंना जागा सोडायला सांगत होते. सुटलेल्या जागांना नवे पडदे लावून त्या कुलपात ठेवत होते. उरलेल्या थोड्या घरांवर आम्ही सगळे तुटून पडायचो, म्हणजे मी, इजिप्तचे शिक्षक, फिलिपिनो नर्सा, केरळचे हिशेबनीस आणि पुण्याहून आलेले माझ्यासारखेच इंजिनियर. काही दिवसांनी आम्ही एकमेकांना चेहऱ्याने ओळखू लागलो. लिफ्टपाशी मान हलवायचो आणि मग जिन्याने पळत वर जायचो.

मी पाहिलेल्या इमारतींच्या नावांत राजवाडा, मुकुट किंवा मोती यांपैकी काहीतरी असायचंच. त्याशिवाय बांधायला परवानगी मिळत नसावी. लॉबीत संगमरवर, त्यावर सोनेरी पायांचा कोच, कोचावर कोणी बसू नये म्हणून प्लास्टिक. वर झुंबर, हवेत उदाचा वास. लिफ्टने वर गेलं की माणसांनी राहायचा भाग सुरू व्हायचा. तिथे स्वयंपाकघराला खिडकी नसायची आणि बेडरूमची खिडकी समोरच्या भिंतीच्या एसी मशीनवर उघडायची. एका एजंटने मला रिकाम्या हॉलच्या मधोमध उभं करून डोळे मिटायला सांगितलं. "इमॅजिन," तो म्हणाला. मी डोळे मिटले. शेजारच्या घरातला मिक्सर स्पष्ट ऐकू आला.

मी वाचलेल्या कादंबऱ्यांमध्ये घर शोधणारी माणसं शेवटी घराहून मोठं असं काहीतरी शोधत असतात, आणि ते त्यांना सापडतंही. मला दोन बेडरूम हव्या होत्या. एक असती तरी चाललं असतं.

फॅमिलीची अडचण बाजूला ठेवून मला घर द्यायला तयार असलेले मालकही मधूनमधून भेटत. ती घरं मी स्वतःच्या तोंडाने घालवली. एजंटने "फायनल करू?" असं विचारलं की मी म्हणायचो, "घरी विचारून सांगतो." हे वाक्य मी कधी शिकलो आठवत नाही. वडील कापडाच्या दुकानात म्हणायचे, काका स्कूटर घेताना म्हणाले होते. नाही म्हणायचं नसतं आणि हो म्हणायची घाईही दिसू द्यायची नसते, तेव्हा आमच्याकडे हे म्हणतात, आणि समोरचा मराठी असेल तर तोही समजून घेतो. दोहाचा एजंट समजून घेत नाही. मी खाली उतरून नाशिकला फोटो पाठवायचो. ती प्रॅक्टिकल घेत असायची, तासाभराने बघायची. तेवढ्यात घर गेलेलं असायचं. एकदा मी खाली येत असताना ते घेणारा माणूस शेजारच्या लिफ्टने वर जात होता. बायको म्हणाली, मला विचारू नकोस, घेऊन टाक. मी हो म्हटलं. पुढच्या घरी एजंटने विचारलं आणि तोंडातून तेच वाक्य गेलं.

फॅमिली उसनी न्यायची कल्पना माझी नव्हती. आमच्या ऑफिसात स्टोअर सांभाळणारा एक मित्र होता, कोल्हापूरकडचा. बायको आणि सात वर्षांच्या मुलीसह तो जुन्या वस्तीत एका व्हिलाच्या भागात राहायचा. व्हिला म्हणजे पूर्वी एका कुटुंबाचा बंगला, आता आत पातळ भिंती घालून अनेक बिऱ्हाडांना वाटलेला. त्याच्या वाट्याला दीड खोली आणि जिन्याखालचं स्वयंपाकघर आलं होतं. एका शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, त्याच्याकडे जेवताना मी माझी रडकथा सांगत होतो. वहिनी पोळी वाढता वाढता म्हणाल्या, "फॅमिली बघायची हाय न्हवं त्यांस्नी? मग दाखवू की. आम्ही काय फॅमिली न्हाई?"

मित्राला ते पटलं नाही. त्याला खोटं बोलायला जमत नव्हतं. वहिनींनी विचारलं, खोटं कोण बोलतंय? आपण घर बघायला जाणार. घर बघायला कुणालाही जाता येतं. विचारलं तर खरं सांगायचं, न विचारलं तर आपण होऊन कशाला सांगायचं? बराच वेळ वाद चालला. शेवटी मित्राने तोडगा काढला. "तुम्ही वर जाऊन या राव. मी गाडीत बसतो."

"ह्यांचं असंच असतंय भावजी," वहिनी म्हणाल्या. "लग्नातबी मंडपात यायला तयार न्हवते. गाडीतच बसलेले."

तेव्हापासून दर शुक्रवारी आणि जमेल त्या संध्याकाळी आम्ही निघायचो. मित्र गाडी चालवायचा, इमारतीखाली सावली बघून लावायचा आणि एसी सुरू ठेवून आत बसून राहायचा. वर वहिनी, मुलगी आणि मी. आश्चर्य म्हणजे कोणीच काही विचारलं नाही. बाई आणि मूल दिसलं की रखवालदार, ज्याला इथे सगळे नातूर म्हणतात, आधी कुलपं उघडायचा. एजंट माझ्याशी बोलायचं सोडून वहिनींशी बोलू लागायचे. महिनाभर मी ज्या दारांवर उभा राहिलो होतो, त्यातली काही दारं त्याच माणसांनी माझ्यासाठी उघडली आणि मला ओळखलंही नाही.

अडचण वेगळीच निघाली. वहिनी घर खरोखर बघायच्या. मी बघायचो म्हणजे खोल्या मोजायचो आणि नळ सोडून पाहायचो. त्या ओट्यासमोर उभ्या राहून हात वर करायच्या, फडताळापर्यंत पोचतो का ते बघायला. बाथरूमच्या फरशीवर पाणी ओतून ते कुठे वाहतं ते बघायच्या. "भावजी, हितं कपडे वाळत कुठं घालायचं?" हा प्रश्न प्रत्येक घरी यायचा, आणि त्याचं उत्तर लॉबीत झुंबर लावणाऱ्या कोणाजवळच नसायचं. "ह्या ओट्यावर पोळपाट ठिवला तर परात कुठं ठिवायची?" मी डोळे झाकून घेतली असती अशी तीन-चार घरं त्यांनी एका वाक्यात नाकारली. मी कुरकुर केली की म्हणायच्या, तुमच्या बायकोनं मला विचारलं तर मी काय सांगू?

ही नुसती धमकी नव्हती. एका घरी मी नाशिकला व्हिडिओ कॉल लावून फोन वहिनींच्या हातात दिला, आणि त्या दिवसापासून दोघींचं रोज बोलणं सुरू झालं. दोघी एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या. नाशिक आणि कोल्हापूर यांच्यात जितकं अंतर आहे त्याहून जास्त दोघींच्या बोलण्यात होतं. पण ओट्याच्या उंचीवर त्यांचं एकमत होतं. मी गाडीतल्या माणसाच्या जरा वरच्या पायरीवर होतो, कारण मला वहिनी लिफ्टमधून वर न्यायच्या.

एकदा बऱ्यापैकी घर मिळत आलं होतं. वहिनींनाही चाललं असतं. एजंट कागद काढत होता. मुलगी कंटाळली होती. तो खाली वाकून तिला इंग्रजीत म्हणाला, तुझ्या पप्पांना सांग, तुला कुठली खोली हवी. मुलगी इंग्रजी शाळेतली. घरी मराठी ऐकायची, उत्तर इंग्रजीत द्यायची. तिने माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"ही इज नॉट माय पप्पा," ती शांतपणे म्हणाली. "पप्पा इज इन द कार."

पुढे काही समजावण्याजोगं राहिलं नव्हतं. लिफ्टमध्ये वहिनी तिला काही बोलल्या नाहीत. खाली मित्राने काय झालं विचारलं. कळल्यावर त्याने मुलीला आईस्क्रीम घेऊन दिलं. घरात एक तरी माणूस खरं बोलतंय, असं त्याचं म्हणणं.

सप्टेंबर लागला. हवा अजून तापलेली आणि त्यात दमटपणा भरलेला. गाडीतून उतरलं की चष्म्यावर वाफ जमायची, ती पुसेपर्यंत समोरचा माणूस पुढे जायचा. मला घरांची आठवण राहिनाशी झाली. फोनमधले फोटो बघताना कुठला ओटा कुठल्या इमारतीतला हे कळेना. रात्री खोलीतले चौघे आपापल्या घरी फोनवर बोलायचे. मी पलंगावर पडून छताकडे बघत नाशिकला फोन लावायचो आणि आम्ही दोघं फार बोलायचो नाही. ती विचारायची, आज? मी सांगायचो, नाही. कॉलेजने तिला आठवण करून दिली होती. तिने मला हे सांगितलं नाही, मला वहिनींकडून कळलं.

मग एका दुपारी अल मुंतझा भागातल्या एका नातूरचा फोन आला. जुनी, चार मजली, कुठल्याच मुकुटाचं नाव नसलेली इमारत. खाली किराणा आणि शिंपी. दुसऱ्या मजल्यावरचं दोन बेडरूमचं घर. मी त्याला पूर्वी नंबर देऊन ठेवला होता, तेव्हा ते दुसऱ्या कोणाला ठरलं होतं. पुण्याचं कुटुंब होतं. मालकाने सही करायला बोलावलं, तर ते म्हणाले, पंधरवडा थांबा. पितृपक्ष लागलाय, तो संपला की लगेच करू. मालक म्हातारा कतारी माणूस. त्याने म्हणे दोनदा विचारून घेतलं, की तुमचे वारलेले पूर्वज घराच्या सहीत कुठे येतात? त्याला समाधानकारक उत्तर मिळालं नाही. नातूर म्हणाला, आज संध्याकाळी मालक स्वतः येणार आहे, फॅमिली घेऊन या.

आम्ही गेलो. मित्र गाडीत बसला.

मालक अजून यायचा होता. नातूरने घर उघडून दिलं. भिंतींना नुकता रंग दिलेला, फरशी साधी. स्वयंपाकघराला खिडकी होती आणि खिडकीबाहेर हातभर रुंदीची गॅलरी, तिच्यात आधीच्या कोणीतरी बांधलेल्या दोऱ्या. वहिनी ओट्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. मी त्यांच्या प्रश्नाची वाट पाहत होतो. त्यांनी हात वर केला नाही, पाणी ओतलं नाही. गॅलरीचं दार उघडून दोरीला हात लावून बघितला आणि तिथेच उभ्या राहिल्या.

मी विचारलं, काय वहिनी, काय कमी आहे?

"काय न्हाई," त्या म्हणाल्या. "चांगलं हाय. घ्या तुम्ही."

इतक्या दिवसांत त्या असं म्हणाल्या नव्हत्या. मुलगी मात्र रिकाम्या खोल्यांतून पळत होती. ती धावत येऊन आईला इंग्रजीत म्हणाली, आपल्याला महिनाअखेर जायचंच आहे, तर आपणच इथे का नाही राहायचं? वहिनींनी तिच्या तोंडावर हात ठेवला. मग काढला, कारण उपयोग नव्हता.

त्यांच्या व्हिलाच्या मालकाने सगळ्या बिऱ्हाडांना महिनाअखेर जागा सोडायला सांगितलं होतं. व्हिला प्रेक्षकांना रात्रीच्या हिशेबाने द्यायचा होता. हे त्यांना तीन आठवड्यांपूर्वी कळलं होतं. त्या तीन आठवड्यांत मी त्यांना घेऊन निम्मं दोहा फिरलो होतो. मी विचारलं, बोलला का नाही? त्या म्हणाल्या, तुमचं दसऱ्याचं हाय. आमचं काय, हे कुठंतरी बघतील. ह्यांना मी म्हणलं, भावजींचं आधी होऊ दे.

फार चांगली माणसं भेटली की मला आधी थकवाच येतो. आता ह्याचं काय करायचं, असं वाटतं.

तेवढ्यात मालक आला. पांढऱ्या पोशाखातला, हातात जपमाळ, गुडघे दुखत असावेत तसं चालणं. जुन्या पिढीतले कतारी व्यापारी बोलतात तसं तो मोडकं पण कामापुरतं हिंदी बोलायचा. त्याने माझ्याकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, आणि इतक्या महिन्यांत जे कोणी विचारलं नव्हतं ते पहिल्याच वाक्यात विचारलं.

"ये तुम्हारा मदाम?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. हो म्हटलं असतं तर घर मिळालं असतं. तेवढा एक क्षण होता, आणि तो मी मोठा करून सांगणार नाही. खरं तर त्या वेळी मला हो म्हणायचीही ताकद नव्हती. हो म्हटल्यावर पुढचं सगळं निभावावं लागलं असतं.

मी म्हणालो, नाही. माझी बायको इंडियात आहे. ही माझ्या मित्राची फॅमिली आहे, आणि मित्र खाली गाडीत बसलाय.

मालकाने नातूरकडे पाहिलं. नातूर छताकडे पाहत होता. मालकाने विचारलं, तो गाडीत का बसलाय? हे मलाही कधी नीट सांगता आलं नसतं. वहिनी पुढे झाल्या. "आपको फॅमिली देखने का था," त्या म्हणाल्या, "तो हम दिखाने को आये."

म्हाताऱ्याने नातूरला खाली पाठवून मित्राला वर बोलावून घेतलं. मित्र आला तो असा, की जणू पोलीस ठाण्यात आलाय. मालकाने आम्हा तिघांना समोर उभं करून विचारलं, खरं सांगा, घर कोणाला पाहिजे? मित्र म्हणाला, ह्यांना. मी म्हणालो, ह्यांना. असं दोन-तीनदा झालं. लग्नाच्या पंगतीत पहिलं पान कोणी घ्यायचं यावरून चालतं तसं. म्हातारा कंटाळला. तो म्हणाला, बेडरूम दोन आहेत, फॅमिली दोन आहेत, मला भांडण नको आणि कागदावर एकच नाव पाहिजे. कोणाचं ते उद्या सकाळी सांगा. त्याने माळ खिशात ठेवली आणि मला विचारलं, चालेल?

मी म्हणालो, "घरी विचारून सांगतो."

"आत्ता विचारा," वहिनी म्हणाल्या. "हितंच." त्यांनी स्वतःच्या फोनवरून नाशिकला कॉल लावला.

त्यांनी तिला काहीही न लपवता दोन मिनिटांत सगळं सांगितलं. त्यांना जागा सोडावी लागतेय, घर एकच आहे, दोघांनी मिळून घ्यावं लागेल, स्वयंपाकघर एक. मग त्यांनी फोन फिरवून खिडकी दाखवली, गॅलरी दाखवली, आणि फोन माझ्या हातात दिला. नाशिकला संध्याकाळचे दिवे लागले होते. तिच्या मागे तिच्या आईच्या घरातलं कपाट दिसत होतं. पहिलं घर, आणि त्यात आधीच तीन माणसं. मी काही समजावायला गेलो नाही. आमच्यापैकी कोणालाच त्यात आनंद झाल्याचं दाखवायचं नव्हतं.

मग तिने विचारलं, "बेडरूमला आतून कडी आहे?"

फोन स्पीकरवर होता. मित्र भिंतीकडे वळला. मी आत जाऊन बघून आलो.

"आहे."

"मग घे," ती म्हणाली.

वहिनींनी पदर तोंडाला लावला, पण त्यांचे खांदे हलत होते. मालकाला मराठी येत नव्हतं, तरी त्याला बहुधा तेवढं कळलं. तो जिना उतरताना हसत होता.

नाव कोणाचं लावायचं याचा निकाल मित्रानेच लावला. तो म्हणाला, आमचे व्हिसे आहेत, आम्हाला छप्पर पाहिजे. तुम्हाला कागद पाहिजे. तुमचं नाव लावा. सकाळी सहीला जाताना मात्र त्याचाच पाय अडखळला. पितृपक्ष होता हे खरंच. त्याने हळूच विचारलं, सर्वपित्रीपर्यंत म्हातारा थांबेल का? वहिनी म्हणाल्या, "पितरांस्नी एवढ्या लांब यायला व्हिसा कोण देतंय?" आम्ही सही केली. माझ्या आईला मी तारीख सांगितली नाही. तिने विचारलीही नाही, त्यावरून तिला ती माहीत असावी.

दसऱ्याला माझ्या बायकोने कॉलेजला नाही म्हणून कळवलं. व्हिसा तेव्हा आलेला नव्हता, नुसता अर्ज गेला होता. मी म्हटलं, दोन दिवस थांबली असतीस. ती म्हणाली, थांबूनच तर एवढं झालं.

पुढे पुन्हा थांबणंच होतं. एक कागद परत आला, त्यावर आणखी एक शिक्का हवा होता. मग वर्ल्डकप आला. शहरभर रोषणाई झाली, रस्ते बंद झाले. आमच्या खिडकीतून फटाके दिसायचे आणि मुलगी गॅलरीत उभी राहून ओरडायची. नाशिकला बायको नोकरी सोडून बसली होती आणि येणारे-जाणारे तिला विचारत होते, कधी जाणार? तेव्हाच्या फोनांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. मी माझ्या बेडरूममध्ये एकटा झोपायचो. गादी घेतली होती, पलंग घेतला नव्हता. पलंग तिने बघून घ्यावा असं ठरलं होतं.

ती आली तेव्हा स्पर्धा संपून गेली होती. दिव्यांच्या खांबांवरून झेंडे उतरवत होते. एअरपोर्टवरून घरी येताना तिने खिडकीतून बोट दाखवून विचारलं, ते काय लिहिलंय? जवळजवळ प्रत्येक इमारतीवर अरबीत, भाड्याने देणे आहे अशी पाटी होती. नवे पडदे लावलेली ती सगळी घरं आता कोणालाही मिळत होती, फॅमिली दाखवा न दाखवा. मी तिला पाटीचा अर्थ सांगितला.

घरी वहिनींनी दारात ओवाळायला तबक धरलं होतं. माझ्या बायकोने वाकून नमस्कार केला. मग दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. इतके महिने रोज बोलून त्यांच्याकडे आता समोरासमोर बोलायला काही उरलं नसावं. तिने स्वयंपाकघर बघितलं. अर्धा ओटा मोकळा ठेवलेला होता, वरच्या फडताळाचे दोन कप्पे रिकामे केलेले होते. तिने हात वर करून बघितला. पोचत होता. मग आमची खोली बघितली, नुसती गादी, माझे कपडे ठेवलेली पेटी, खिडकीला अजून पडदा नाही. चहा ठेवते म्हणाली. वहिनी म्हणाल्या, आधी जरा पाठ टेका.

ती खोलीत गेली आणि तिने आतून कडी लावली. मी बाहेरच राहिलो होतो. थोड्या वेळाने मी दारावर हलकेच टकटक केलं, उत्तर आलं नाही. ती झोपली होती. दुपार झाली, ऊन भिंतीवरून सरकत गेलं. मुलगी शाळेतून आली, तिला खूण करून गप्प बसवलं. मित्राने टीव्हीचा आवाज बंद करून बातम्या बघितल्या. संध्याकाळी वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारून गेल्या, उठल्या का?

"नाही."

"मग ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या, आणि कणीक झाकून ठेवली.